वाचून दाखवल्याशिवाय सही नाही

मिलिंदभाऊंनी माझ्या हातातून पेन काढून घेतला, ही आमची पहिली भेट. बीडच्या नोंदणी कार्यालयाबाहेर पत्र्याच्या शेडखाली त्यांचं टेबल होतं. ते दस्तलेखक, म्हणजे लोकांची खरेदीखतं, बक्षीसपत्रं, संमतीपत्रं लिहून देणारे. माझ्या दोन खोल्यांच्या घराचं खरेदीखत त्यांनीच टाईप केलं होतं. मी कॉलेजात ग्रंथपाल. वाचणं हाच माझा पेशा. म्हटलं, "द्या, सही करते."

"आधी वाचून दाखवतो."

"अहो, मला वाचता येतं."

"येत आसंल. वाचता येणारेच न वाचता सही करतेत, मॅडम. आडाणी माणूस निदान इचारतो तरी, काय लिवलंय म्हणून."

मग त्यांनी अख्खा दस्त मोठ्यानं वाचला. घराची चतुःसीमा तर दोनदा वाचली: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस कुणाचं घर, दक्षिणेस कुणाची भिंत, उत्तरेस मोकळी जागा. शेवटी विचारलं, "समजलं? कबूल?" मी हो म्हटल्यावर पेन परत मिळाला. सही करताना माझी नजर त्यांच्या कॉम्प्युटरवर गेली. माझ्या खरेदीखताच्या मागे दुसरी खिडकी उघडी होती, आणि तिच्यात चिलखत घातलेला एक माणूस अक्राळविक्राळ राक्षसासमोर तलवार उगारून थिजला होता.

"तो थांबलाय," मिलिंदभाऊ शांतपणे म्हणाले. "तुमचं घर झालं की त्याला मारायचंय."

पन्नाशीला टेकलेला, कानावर पेन खोवलेला हा गृहस्थ व्हिडिओ गेम खेळतो, हे मला त्या दिवशी गमतीचं वाटलं होतं. ती गंमत नव्हती. शाळकरी वयात एसटी स्टँडजवळच्या नाणं टाकून खेळायच्या मशीनपाशी ते पहिल्यांदा उभे राहिले, तेव्हापासून खेळ ही त्यांच्यासाठी इमानाची गोष्ट होती. "त्या मशीनला माझं आडनाव म्हाईत न्हवतं, मॅडम. वाडा कंचा, बाप काय करतो, काई इचारलं न्हाई. चुकला की मेला, जमलं की पुढं गेला. तेवढा सरळ न्याय मला तवर कुणीच दिलता न्हाई."

ते रागीट होते. आवाज न चढवता रागावायचे, आणि राग बहुतेक वेळा खेळ बनवणाऱ्या कंपन्यांवर असायचा. एकदा एक तरुण वकील मोबाईल नाचवत आला आणि खेळातली सोन्याची तलवार दाखवू लागला. मिलिंदभाऊंनी चष्मा वर केला.

"जिंकली का इकत घेतली बे?"

"घेतली, दादा. ऑफर होती."

"मग ती तलवार न्हाई. पावती हाय."

वकील हसला, पण ते हसले नाहीत. मग दुपारभर खेळ विकणाऱ्या कंपन्यांचा उद्धार चालला. वाटेत काटे टाकायचे आणि पुढे जाऊन चपला विकायच्या, हा कुठला धंदा? बिनछताचं घर विकतात आणि सांगतात, पत्रे मागून पाठवू. बंद डब्यात काय आहे ते न सांगता डबा विकतात. "ह्याला आपल्याकडं मटका म्हणतेत. मटकेवाला निदान लपून बसतो, हे तर जाहिराती करतेत. अन् रोज हजेरी लावली की बक्षीस! आरं, मी खेळायला आलोय का रोजंदारीवर? हारवायचं तर खेळानं हारवावं. दुकानदारानं न्हाई."

पोरं गेममुळे बिघडतात असं कुणी म्हणालं, की तितकेच भडकायचे. "पत्त्यांत घर घालवलेल्या बापाला कुणी बोलत न्हाई. पोराच्या हातात काय दिसलं की लगीच परवचन."

मलाही त्यांनी खेळायला बसवलं. लायब्ररीची सुट्टी असली की मी शेडखाली जाऊन बसू लागले होते. घरी तरी कोण होतं? एका खड्ड्यात मी इतक्यांदा पडले की शेवटी म्हटलं, सोपं करता येतं ना, करा. ते म्हणाले, "खड्डा तिथंच हाय, मॅडम. तो हालत न्हाई. तुमी हाला." आणि मी न चिडता पुन्हा सुरुवात केली, तेव्हा आश्चर्यानं माझ्याकडे पाहत राहिले. "तुमाला राग येतच न्हाई का? लायब्रीत बसून बसून तुमचा राग बी कुजबुजायला लागलाय."

त्यांचा खरा खेळ मात्र दुसराच होता, आणि तो त्यांनी मला वर्षभरानं दाखवला. एका परदेशी कंपनीचा बांधकामाचा खेळ. माती, दगड, लाकूड यांचे चौकोनी ठोकळे रचून हवं ते उभारायचं, आणि जे उभारलं ते कंपनीच्या सर्व्हरवर राहायचं. मिलिंदभाऊंनी सहा वर्षं खपून तिथे आपलं गाव बांधलं होतं. जुनी बोरटाकळी. ते अकरा वर्षांचे असताना ती धरणाच्या पाण्याखाली गेली.

मारुतीचं देऊळ, पार, आड, पाटलाची गढी, नदीकडे उतरणारी पायवाट. गावाबाहेर, उगवतीला, ओढ्यापलीकडे त्यांची वस्ती. धरणानंतर वसवलेल्या नव्या टाकळीची म्हातारी माणसं कचेरीच्या कामाला बीडला आली की शेडखाली बसून चुका काढायची. "मारुतीचं तोंड तिकडं न्हवतं बे." "चिंच आजून आलीकडं घे." हे निमूटपणे चिंच अलीकडे घेत.

भानुदासआबा त्यांत नेहमी असत. गढीवाल्या पाटलांच्या घरातले, ऐंशी ओलांडलेले. एकदा माझ्यासमोर ते मायेनं म्हणाले, "मिलिंद, तुझं घर आता घे की देवळापाशी. कोण आडवं येतंय?"

मिलिंदभाऊंचा हात माउसवर थांबला. "आबा, हे तवा म्हणाला आसता तर बरं झालं आसतं. आता न्हाई. ह्या आडावर माझ्या आजीला पाणी शेंदू देत न्हवते, तो आड बी जागच्या जागी हाय. दस्तात म्या फेरफार करत नसतो."

आबा काठी टेकत उठून गेले. पुढच्या खेपेला मात्र आले आणि ओढ्यावरच्या दगडांची बरोबर जागा सांगून गेले.

हा माणूस प्रत्येक कागद वाचून का दाखवायचा, ते मला त्यानंतर कळलं. धरणाची मोजणी झाली, तेव्हा मिलिंदभाऊ अजून शाळेतही जात नव्हते; कुणी एक साहेब त्यांच्या वस्तीत आला होता. मिलिंदभाऊंच्या वडिलांनी कागदावर अंगठा उठवला. काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं नाही. पुढे पोरगा वाचायला शिकला, तेव्हा त्यानं तो कागद वाचला. त्यांच्या घराच्या ठिकाणी लिहिलं होतं: रिकामी जागा. आई, बाप, चार भावंडं, दोन शेळ्या आणि रिकामी जागा. त्यामुळे नव्या गावात त्यांना घरासाठी जागाच मिळाली नाही, म्हणून ते बीडला आले.

मागच्या वर्षी कंपनीचा संदेश आला. तीन महिन्यांनी खेळ बंद, सर्व्हर बंद. सोबतीबद्दल आभार. मिलिंदभाऊ तो मोबाईल घेऊन थेट लायब्ररीत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"म्या पैसे भरून घेतलाय हा खेळ. माझा ताबा हाय. आसं कसं बंद करतेत?"

आम्ही कंपनीचा करारनामा उघडला. बारीक अक्षरातली इंग्रजी पानंच्या पानं. मी वाचत, मराठीत सांगत गेले. कंपनीनं खेळ विकलाच नव्हता. वापरायची परवानगी दिली होती, ती केव्हाही काढून घ्यायचा हक्क स्वतःकडे ठेवून. त्यात रचलेलं काहीही रचणाऱ्याचं नव्हतं. आणि खाली 'मान्य आहे' यावर मिलिंदभाऊंनी पहिल्याच दिवशी बोट ठेवलं होतं.

"म्हणजे खरेदीखत म्हणून पैसे घेतले अन् हातात भाडेचिठ्ठी दिली," ते म्हणाले. त्यांनी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. खिडकीबाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं. "मॅडम, म्या वाचलं न्हवतं. घाई झालती. मारुतीपासून सुरुवात करायची का नदीपासून, हेच डोक्यात हुतं. दाबलं बटन." त्यांनी अंगठा वर करून त्याच्याकडे पाहिलं. "बापानं मारला तसाच."

मी म्हटलं, न वाचणाऱ्याची चूक असते तशी वाचता येऊ नये असं लिहिणाऱ्याचीही असते. आज वाटतं, तेव्हा मी हे फार हळू बोलले.

कंपनीला त्यांनी रीतसर नोटीस धाडली. पुसत, खोडत ती मी इंग्रजीत केली: गाव परत द्या, निदान त्याची नक्कल द्या. उत्तर मिनिटाभरात आलं, म्हणजे कुणी वाचलेली नव्हती. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?

"गाव बुडवतेत अन् इचारतेत, बुडताना कसं वाटलं," मिलिंदभाऊ म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते लायब्ररीत आले ते तीन कोरी रजिस्टरं घेऊन. "लिवा मॅडम. दस्त करू. सर्व्हर त्यांचा आसंल, चतुःसीमा माझी हाय."

फोटो काढून घ्या, म्हणाले मी. काढले होतेच त्यांनी. पण फोटोला साक्षीदार नसतो, दस्ताला असतो, असं त्यांचं म्हणणं. मग रोज दुपारी शेडखाली ते खेळातल्या गल्ल्यांतून चालत आणि सांगत. मी लिहीत असे. मिळकत क्रमांक एक, मारुतीचे देऊळ. पूर्वेस पार, पश्चिमेस तेल्याचे घर, दक्षिणेस वाट, उत्तरेस चिंच. अशी घरं, गोठे, ओटे. आबांची गढी झाली. आड झाला, त्याच्या नोंदीत 'वस्तीस पाणी भरण्यास मनाई' हे शब्द त्यांनी घालायला लावले. छातीत दुखतंय म्हणायचे आणि पुढची मिळकत सांगायचे. दवाखान्यात जा म्हटलं, तर म्हणाले, "ह्या खेळाला पॉजचं बटन न्हाई."

स्वतःचं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं. सर्व्हर बंद व्हायला नऊ दिवस होते, तेव्हा एका सकाळी टेबलावर मान टाकली ती उचलली नाही.

त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी. या खेळाचा त्यांना मनस्वी तिटकारा. "जितं घर गळतंय अन् हे बुडलेलं शाकारतेत," असं माझ्यासमोर म्हणाल्या होत्या. मातीनंतर चौथ्या दिवशी त्याच माझ्या दारात आल्या. "चला. त्यांचं घर ऱ्हायलंय न्हवं?"

शेडखाली त्यांनी पासवर्ड टाकला. नवऱ्याच्या पाठीशी उभं राहून पाहत आल्या असाव्यात. चुकत, भिंतींना धडकत, ओढा ओलांडून आम्ही त्या घरापाशी पोचलो. एक खण, बाहेर चूल, दारात दोन पांढरे ठोकळे, शेळ्या म्हणून. वहिनी चारी बाजू फिरल्या आणि सांगत गेल्या. पूर्वेस बाभूळ. पश्चिमेस ओढा. दक्षिणेस चुलत्याचे घर. उत्तरेस पाऊलवाट. मी लिहिलं. ठरल्या दिवशी भरदुपारी पडद्यावर फक्त एक ओळ उरली, संपर्क होऊ शकत नाही. इतकंच.

नव्या टाकळीच्या समाजमंदिरात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, दोघे-तिघे बोलले. मग वहिनींनी ती रजिस्टरं माझ्यापुढे ठेवली. वाचून दाखवल्याशिवाय दस्त पुरा होत नाही, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी वाचायला लागले. दीड-दोन तास लागले असतील. कुणी उठलं नाही. आपलं घर आलं की एखादी म्हातारी "कबूल" म्हणायची. आडाची नोंद आली तेव्हा सभेत हालचाल झाली, पण "खोटं आहे" असं कुणी म्हणालं नाही. शेवटचं पान आलं आणि माझा आवाज खाली गेला. सवयच ती.

"शेवटचं ऐकू आलं न्हाई," पुढच्या रांगेतून भानुदासआबा म्हणाले. काठीवर जोर देऊन ते उभे राहिले होते. "परत वाचा. बाहीर उभ्या आसलेल्यास्नी बी ऐकू गेलं पायजे."

त्या क्षणी मला जो राग आला तो कुणाकुणावर होता, हे अजून नीट मांडता येत नाही. त्या साहेबावर होता, ताऱ्यांची चौकशी करणाऱ्या कंपनीवर होता, इतकी वर्षं उशीर केलेल्या आबांवर होता, आणि हळू बोलणाऱ्या माझ्यावरही. मी रजिस्टर उचललं आणि आयुष्यात कधी वाचलं नव्हतं इतक्या मोठ्यानं वाचलं:

"मिळकत क्रमांक एकशे चार. राहते घर. रिकामी जागा नव्हे. समजलं? कबूल?"

आबांनी पेन मागितला.