दारातून हलायचं नाही

मी मुळातच भित्रा. कुत्रं भुंकलं तरी रस्ता बदलणारा. आणि जन्माला आलो तो आगीच्या बंबावर नोकरी करणाऱ्या माणसाच्या घरी. आमच्या आप्पांनी सगळी हयात बंबावर काढली, आणि निवृत्त होऊन धारूरजवळच्या आमच्या गावी परतले तेही बंब डोक्यात घेऊनच.

लहानपणी ते सुट्टीवर आले की दुपारी एकच खेळ असायचा. घरात एकामागे एक अशा तीन खोल्या, दार एकच, पुढचं. आप्पा आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी माझ्या डोळ्यांवर बांधायचे, मला शेवटच्या खोलीत नेऊन गरागरा फिरवायचे आणि स्वतः बाहेरच्या दारात जाऊन परातीवर उलथणं आपटायला लागायचे. मी गुडघ्यांवर, एक हात भिंतीला लावून, त्या आवाजाकडे सरकायचो.

"धुरात डोळे कामाचे न्हाईत," ते सांगायचे. "भिंत धरायची. भिंत सुटली तर आवाज धरायचा. अन् दारावरच्या माणसानं वाजवणं थांबवायचं न्हाई, दारातून हलायचंबी न्हाई. त्यो हलला की आतला गेला."

मी दर वेळी रडायचो. आई चिडायची, "कावून घाबरवायलात लेकराला?"

एकदा मी विचारलं, तुम्हाला नाही का भीती वाटत? "लई वाटती," आप्पा म्हणाले. "भेलेल्या माणसाचे कान चांगले असत्यात." मला त्यानं काडीचाही धीर आला नाही.

आमच्याकडे भाव वाढेल म्हणून कापूस घरातच भरून ठेवतात. पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस आणि माणसं मागे दाटीवाटीनं, यात गावात कुणाला काही वावगं वाटत नाही. तीन वर्षांपूर्वी मीही भरला. चालण्यापुरती वाट ठेवली, बाकी भिंती कापसाखाली गेल्या. सत्तरीला टेकलेले आप्पा दारात उभं राहून बघत होते. "भिंत झाकली की रं," एवढंच म्हणाले आणि आपली बाज उचलून पुढच्या दारात टाकली. घरातली उदबत्ती बंद झाली. बिडी ओढणारे पाहुणे अंगणातूनच परत जायला लागले. आमच्या कापसाला पोलीस बंदोबस्त आहे, असं मी चारचौघांत हसत सांगायचो.

त्या दुपारी बायको-मुलं केजला गेली होती. आई शेवटच्या खोलीत झोपलेली. तिला कमी ऐकू येतं. मी आणि आप्पा समोरच्या लिंबाखाली चहा पीत होतो. विजेच्या बोर्डातून ठिणगी पडली असावी. कापूस आधी भडकत नाही, आतल्या आत धुमसतो. दारातून पिवळट, जाड धूर बाहेर आला तेव्हा आप्पांच्या हातातला कप खाली पडला.

"मी जातो," मी म्हणालो. खरं सांगतो, त्यांनी मला अडवावं असंच मला मनातून वाटत होतं.

त्यांनी अडवलं. हौदात गोधडी बुडवून अंगावर घेतली, घासायला पडलेली परात माझ्या हातात दिली. "आत भिंत न्हाई राह्यली. आता तुझाच आवाज. हलू नको." आणि वाकून आत शिरले.

मी दगडानं परात बडवायला लागलो. लोक धावले, पाण्याच्या बादल्या घेऊन आले. कुणीतरी माझ्या पाठीत गुद्दा घातला, "आत जा की बे, बाप हाय आत!" मी हललो नाही. सांगितलं म्हणून हललो नाही की भ्यालो म्हणून, हे तेव्हा मला कळत नव्हतं. आजही कळत नाही. दारातून आता ज्वाळाही दिसायला लागल्या. मग वाटलं, एवढ्यात यायला हवे होते. आता आत ऐकणारं कुणी उरलं नसेल. माझा हात थांबला.

आतून खोकल्याची उबळ आली. मग आवाज आला, "कावून थांबलास?"

मी ओरडत, रडत परात बडवली. पार चेपली ती. मग जमिनीलगत एक ओली गोधडी सरकत सरकत उंबऱ्यापर्यंत आली. तिच्याखाली दोघंही होती.

आई आठवड्याभरात सावरली. आप्पांची छाती मात्र भरली ती भरलीच. कापूस माझा होता, हट्ट माझा होता, पण त्यांनी त्याचा एका शब्दानं उल्लेख केला नाही. नातवंडांना मांडीवर घेऊन धापा टाकत बसायचे आणि मी जवळून गेलो की हसायचे. एकदा तरी माझ्यावर ओरडायला हवे होते.

या वर्षी उन्हाळ्यात त्यांना दवाखान्यात ठेवलं. तोंडावर मास्क, डोळे मिटलेले. शेवटच्या दुपारी त्यांचा हात पलंगाच्या कडेनं काहीतरी चाचपायला लागला. आधी मला वाटलं, पाणी हवंय. मग कळलं, ते भिंत शोधत होते. पलंगाच्या त्या बाजूला भिंत नव्हती.

मास्कच्या आतून ते म्हणाले, "वाजव."

मी डब्यातला चमचा घेतला आणि पलंगाच्या लोखंडी दांडीवर वाजवायला लागलो. त्यांचा हात शांत झाला. सिस्टर धावत आल्या, रागावल्या, मग आप्पांकडे बघून पुढे झाल्या. त्यांनी नाडी पाहिली, मास्क काढला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, आता थांबा," म्हणाल्या. मी वाजवतच होतो. थांबायची मला भयंकर भीती वाटत होती, कारण थांबलो आणि आतून कुणी काहीच विचारलं नाही तर?

शेवटी त्यांनी माझ्या हातातून चमचा काढून घेतला. मी कान देऊन ऐकत बसलो.