कच्चं दाखवायचं नाही

सिस्टरला शीर डोळ्यांनी शोधावी लागत नसे. लहान पोराचा गुबगुबीत हात असो नाहीतर म्हाताऱ्या कुवेती बाईचा सुकलेला, ती त्यावर बोट ठेवायची, जरासं सरकवायची आणि थांबायची. शीर तिथेच असायची. ती माझी बायको. पण इस्पितळात आणि कुवेतमधल्या रिग्गईतल्या आमच्या इमारतीत सगळेच तिला सिस्टर म्हणत, म्हणून मलाही तीच सवय लागली. वरच्या मजल्यावरचा नाशिकचा इंजिनिअर चिडवायचा, "काका, राखीपण बांधून घेता का?" मी म्हणायचो, बांधते ना, पण मनगटाला नाही, तोंडाला. मी फटकळ माणूस, आणि तिला ते ठाऊक होतं.

आपल्याकडून नव्या नर्स यायच्या आणि फोन करकरून तेच ते विचारायच्या. पेशंट अरबीत 'वेन, वेन', म्हणजे 'कुठे, कुठे' करतो, तो काय शोधतो, नातेवाईक पलंगाभोवतीच जेवायला बसले तर काय करायचं. शेवटी सिस्टर म्हणाली, एकदा लिहूनच टाकते. त्या इंजिनिअरने तिला ब्लॉग बनवायचं एक यंत्र कॉम्प्युटरवर टाकून दिलं. लेख साध्या फायलीत लिहायचा, एक हुकूम द्यायचा, की सगळी पानं एकदम तयार. ती म्हणायची, "इडलीपात्र आहे हो हे. पीठ आपलं, साचा त्याचा." पण साचा कसा वागेल, हे सांगायला सेटिंगची एक वेगळी फाईल. सेटिंग म्हटलं की मला दोनच अर्थ ठाऊक, एक लेथचं आणि दुसरं साहेबाला चहापाणी देऊन होतं ते. ते ऐकून ती खूप हसली. "हे तिसरं. यात साहेबाला चहा लागत नाही, मला लागतो. ठेवा आधण."

एकदा ब्लॉगच उभा राहीना. पडद्यावर नुसत्या लाल ओळी. इंजिनिअर गावी गेलेला. सिस्टर घाबरली नाही. सेटिंगची फाईल उघडली आणि पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ खाली सरकू लागली, अगदी हातावरून सरकायची तशी. बोट थांबलं. "इथे. कोलननंतर जागा सोडली नाही मी. एका दमात बोलले, तुमच्यासारखी." तिने तेवढी एक जागा सोडली आणि सगळी पानं उभी राहिली. मी जन्मभर अम्गऱ्याच्या कारखानवस्तीत, वर्कशॉपमध्ये लोखंड कापलं, जोडलं. गेट सूतभर चुकलं तर हातोडा हाणून बसवणारा मी. इथे तर काहीच नाही अशी वस्तू, नुसती मोकळी जागा, आणि तिच्यावाचून अख्खं घर पडतं. मी आ वासून बघत राहिलो. शाळा मी सातवीत सोडली, पण अजब काय ते मला कळतं.

त्या फाईलमध्ये एक ओळ होती, अर्धे लेख लोकांना दाखवायचे की नाही, अशी. सिस्टर त्यांना कच्चे लेख म्हणायची, आणि त्या ओळीपुढे कायम 'नाही'. "कच्चं वाढायचं नाही. अर्धं सांगितलं की मुलगी वॉर्डात फसते." तिला स्वतःला कच्चा लेख बघायचा असला की हुकुमाच्या शेवटी एक मोठा डी लावायची. मग तो दिसायचा, पण फक्त आपल्याच कॉम्प्युटरवर. तेवढं मला तिने शिकवलं होतं.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. दुखणं फार लांबलं नाही, एवढंच बरं. वॉर्डातल्या पहिल्या रमजानवर लेख येतोय, असं तिने ब्लॉगवर सांगून ठेवलं होतं. नुकत्याच आलेल्या लातूरच्या एका मुलीचा मला निरोप आला, काका, तो लेख कधी येणार, माझी ड्युटी लागलीय. मलाही तो बाहेर यायला हवाच होता. तिचं शेवटचं लिहिणं. माझ्यापाशी पडून राहिलं तर ते कुणाला कळणार?

शुक्रवारी सकाळी बसलो. बोट ठेवत ठेवत ती ओळ शोधली, 'नाही'चं 'हो' केलं, कोलननंतर जागा सोडली. लोकांपुढे टाकण्याआधी आपल्यापुरतं उघडून बघावं, हीसुद्धा तिचीच शिकवण. कच्चा लेख तेवढा एकच उरला होता. तो उघडला. शेवटची ओळ अशी: "शुगरचा पेशंट रोजा धरणार म्हणून हटून बसेल. त्याला एकदम नाही म्हणू नका. आधी"

पुढे काही नाही.

आधी काय? साखर तपासायची, डॉक्टरांना विचारायचं, की इंजेक्शनचं काही? मला काय कळणार. आणि त्या पोरीने तिथे स्वतःच्या मनाचं काही घातलं तर? मी ओळीत पुन्हा 'नाही' लिहिलं. मुलीला कळवलं की लेख कच्चा राहिलाय, येणार नाही, वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरला विचार. ती बरं म्हणाली. थोड्या वेळाने तिचा पुन्हा निरोप आला, काका, तुम्ही जेवलात का?

आता रोज सकाळी चहा झाला की मी कॉम्प्युटर उघडतो आणि मोठा डी लावतो. लेख वरपासून वाचत येतो, 'आधी'पर्यंत. तिथे बोट ठेवतो, जरासं सरकवतो. मला काही शीर लागत नाही.