साधी सूज

आर्या, निनाद — हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही. ते गेले, तरी नाही. तुमच्या बाबांना नाही. आणि जिच्याबद्दल आहे, त्या मीनाआत्याला तर नाहीच. मग तुम्हालाच का? तुम्ही लांब आहात म्हणून असेल. समोर बसलेल्या माणसाला सांगायचं धाडस माझ्यात अजूनही नाही.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही तिला चिडवलंत — "आत्या, तू डॉक्टरांना घाबरून लपून बसली होतीस ना?" मागून तुमचे बाबा म्हणाले, "बँकेत मॅनेजर, आणि स्वतःच्या गुडघ्याची अक्कल शून्य!" सगळे हसले. आत्याही हसली. मीही — हो, मीही हसले.

आत्या घाबरली नव्हती. तिला माहीतच नव्हतं.

ती तेव्हा चोवीस वर्षांची होती. आम्ही जळगावला राहायचो, ती नुकतीच बँकेत लागली होती. उजवा गुडघा सुजायचा, जिना उतरताना मध्येच अडकायचा. डॉक्टरांनी सुईने पाणी काढलं, तर ते पिवळसर नव्हतं — गंजासारखं तांबूस होतं. मग एमआरआय झाला. तिला सुट्टी नव्हती, म्हणून रिपोर्ट आणायला मी एकटीच गेले.

डॉक्टरांनी मला नीट समजावलं. सांध्याच्या आतल्या अस्तराला गाठ आहे. साधी गाठ — कॅन्सर नाही, जिवाला धोका नाही. पण राहू दिली तर पसरेल, हाड पोखरेल. आत्ता लहान आहे, एका जागी आहे, दुर्बिणीतून निघेल. "महिन्याभरात करून घ्या, बाई." रिपोर्टमध्येही तेच लिहिलेलं होतं. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. त्यातला एकही शब्द मला अडला नाही.

परत येताना रिक्षात मी कशाचा विचार करत होते? मुलीच्या गुडघ्याचा? नाही. पिंपळनेरचं एक स्थळ त्याच रविवारी बघायला येणार होतं. आपल्याकडे 'गाठ' म्हटलं की पुढचं कोणी ऐकत नाही. साधी म्हणा, काही म्हणा — चार घरं ओलांडेपर्यंत तिचा कॅन्सर होतो.

घरी आजोबांनी विचारलं, "काय गं, काय निघालं?"

मी म्हणाले, "साधी सूज."

एकच शब्द बदलला. फार विचारही करावा लागला नाही.

संध्याकाळी मीनाने रिपोर्ट मागितला. "फाईलला लावलाय," मी म्हणाले. माझ्या फायली तुम्हाला ठाऊक आहेत, त्यांना कोणी हात लावत नाही. तो कागद मी घरपट्टीच्या पावत्यांमध्ये लावला होता.

आणखी आहे. पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी मी तिला दुसऱ्याच एका डॉक्टरांकडे नेलं आणि गुडघ्यातलं पाणी काढून आणलं. लंगडू नये म्हणून. तरी पोह्यांचा ट्रे घेऊन ती बाहेर आली, तेव्हा मुलाच्या आत्याने विचारलंच, "पोर ते बठ्ठी चांगली शे, पन लंगडस का वं माय?" मी हसून म्हणाले, "नवी साडी आहे, पायात येते." मीनाने माझ्याकडे पाहिलं. मग ट्रे पुढे केला. ते स्थळ गेलं. पुढच्या दोन स्थळांच्या वेळीही मी तिला ती सुई टोचून घ्यायला लावली. तिसरं स्थळ धुळ्याचं. तिथे जमलं.

आधी स्थळं, मग लग्न, मग नव्या घरात लगेच दवाखाना कसा — अशी तीन वर्षं गेली. मी फोनवर विचारायचे, "शेकतेस ना गं?" शेकतेस ना! कोणत्या तोंडाने विचारत होते मी?

मग एक दिवस गुडघा वाकेनासाच झाला. तोवर गाठ सगळ्या सांध्यात पसरून हाडात शिरली होती. धुळ्याच्या डॉक्टरांना गुडघा पुढून आणि मागून, दोन्हीकडून उघडावा लागला. त्यांनी जुने रिपोर्ट मागितले. "सापडत नाहीत," मी म्हणाले. माझ्या घरात एखादी वस्तू सापडत नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदाच बोलले असेन. जळगावला परत आल्यावर मी तो कागद फाडून टाकला.

काही वर्षांनी गाठ परत आली, परत काढली. आता पुन्हा आली आहे. सांधाच बदलावा लागेल म्हणतात — अडतिसाव्या वर्षी.

परवा तिच्याबरोबर मी गेले होते. डॉक्टर जरा रागावलेच. "सुरुवातीलाच का नाही काढून घेतलीत? तेव्हा दोन टाक्यांचं काम होतं."

मीना खाली बघत म्हणाली, "माझंच चुकलं, डॉक्टर. अंगावर काढलं मी."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "आजी, तुम्ही तरी सांगायचं हिला."

आणि मी म्हणाले, "ऐकते कुठे ती!"