गाडी इथेच सोडायची नाही

माझं काम बर्फाची जाडी मोजण्याचं. म्हणजे मोजतं यंत्र, ते यंत्र जिवंत ठेवायचं ते मी. केंब्रिजच्या लॅबमध्ये बसून मी स्कॉटलंडमधल्या एका डोंगरावरचे आकडे बघते: थर किती वाढला, किती घटला, वितळल्यावर नदीला किती पाणी जाईल. नागपूरच्या मुलीने बर्फाचा अभ्यास करावा याचं माहेरी अजून हसू होतं. आमच्याकडे बर्फ म्हणजे उसाच्या रसातला.

गेल्या फेब्रुवारीत डोंगरावरून आकडे यायचे थांबले. बॅटरी गेली होती. मीटिंगमध्ये आमचे साहेब म्हणाले, "या वेळी दुसऱ्या कुणाला तरी पाठवू. वर फार बर्फ आहे, जरा अंगमेहनतीचं काम आहे." बोलताना त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

इथल्या ऑफिसात नाही म्हणायची एक रीत आहे. आधी दोनदा थँक यू, मग एक 'परहॅप्स', आणि मग नाही. अठरा वर्षं मी ती पाळली. त्या दिवशी मी सरळ म्हटलं, "यंत्र मी बसवलंय. बदलायलाही मीच जाणार."

डोंगराची देखरेख करणारा माणूस साठीच्या पुढचा होता, त्याच भागात जन्मलेला. बोलणं मोजकं. सकाळी त्याने माझ्या हातात हेल्मेट दिलं, बॅटरी स्नोमोबाईलच्या, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या स्कूटरच्या, मागच्या कॅरिअरवर बांधली आणि म्हणाला, "घट्ट धरा. मी झुकेन तिकडे झुका. बाकी काही करू नका." संध्याकाळपासून वादळ येणार होतं. जाऊन परत यायला दिवस पुरेसा होता.

तासाभराने आम्ही एका ओढ्याच्या खोलगटात शिरलो. वाऱ्याने तिथे बर्फ आणून टाकला होता, पिठासारखा भुसभुशीत. गाडीचा वेग पडला. त्याने ऍक्सिलरेटर दाबला, मागचा रबरी पट्टा जागच्या जागी गरगरला आणि म्हैस बसावी तशी गाडी मागच्या अंगाने बसली. पुढे चाकांच्या जागी असलेल्या दोन्ही स्की आभाळाकडे.

"दोघांचं वजन झालं," तो म्हणाला.

"सकाळी विचारलं असतं तर माझं वजन सांगितलं असतं," मी म्हटलं.

त्याने पुन्हा ऍक्सिलरेटर दाबला. पट्टा आणखी खाली गेला. तिसऱ्यांदा त्याचा हात तिकडे गेला तशी मी ओरडले, "बंद करा! तुम्ही खड्डा खणताय!"

एवढ्या वयाच्या माणसावर मी आयुष्यात ओरडले नव्हते. त्याने इंजिन बंद केलं. कमरेएवढ्या बर्फात आम्ही दोघं उभे, आणि चहूकडे चिडीचूप.

"झालं," तो म्हणाला. "गाडी इथेच सोडायची. चालत दोन तासांत खाली पोचू. वादळ गेलं की दुसरी गाडी आणून ओढू."

"वादळ कधी जाणार?"

"चार दिवस. आठवडाही लागेल."

म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा बर्फ पडणार तोच आठवडा माझं यंत्र आंधळं राहणार. आणि केंब्रिजमध्ये कुणी काही बोलणार नाही. नुसतं समजूतदारपणे मान हलवतील. त्या मान हलवण्याचा विचार आला आणि माझं डोकं तापलं.

"मी येत नाही," मी म्हटलं.

"गाडी माझी आहे."

"बॅटरी माझी आहे."

मग मी आवाज खाली आणला. साडेदहा वाजलेत, आभाळ स्वच्छ आहे, खाली वायरलेसवर आपण कुठे आहोत ते कळवून ठेवा. साडेबारापर्यंत नाही निघाली तर एक शब्द न बोलता तुमच्यामागे चालत येईन.

त्याने खाली कळवलं. मग गाडीच्या कडेवर बसून थर्मासमधला चहा ओतला आणि म्हणाला, "खणा."

खणलं. दोन फावडी होती, आखूड दांड्याची. पट्ट्याच्या बाजूचा बर्फ काढला, मग पोटाखालचा. गाडी पोटावर टेकली होती, पट्ट्याला धरायला काही नव्हतंच. एक फावडं काढावं तर अर्धं परत घसरून यायचं. अर्ध्या तासात माझा आतला शर्ट घामाने भिजला. तो बघत होता, आणि तो बघतोय म्हणून मी थांबत नव्हते. पाठ भरून आली तरी नाही.

मग त्याने कप ठेवला आणि दुसरं फावडं उचललं. डाव्या हाताने, वेडंवाकडं.

"नुसतं खणून भागणार नाही," तो म्हणाला. "कुशीवर पाडायची, आणि पट्ट्याखालचा खड्डा बुजवायचा."

त्याने दोर बांधून एका बाजूने ओढ धरली, मी खांदा लावला. दोनदा फसलं. तिसऱ्यांदा गाडी हळूच कलंडली. आम्ही खड्डा बर्फाने भरला, समोर चढणीसारखा रस्ता केला आणि पायांनी तुडवत सुटलो. लांबून कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, दोघं भांडून पाय आपटताहेत. ते अर्धं खरंच होतं.

गाडी सरळ केली. तो लगेच चावीकडे वळला.

"थांबा," मी म्हटलं. "वीस मिनिटं."

"आता काय?"

"तुडवलेला बर्फ तसाच राहू दिला की कण एकमेकांना धरतात, थर कडक होतो. आत्ता चढवलीत तर पुन्हा पीठ."

"पुस्तकात लिहिलंय?"

"हो. त्यातलं थोडं मी लिहिलंय."

ती वीस मिनिटं सगळ्यात कठीण गेली. घाम गार पडायला लागला. पश्चिमेला ढगांची एक राखाडी कड दिसू लागली. नाही निघाली तर? परत उतरताना याच्या पाठीकडे बघत दोन तास चालायचं. त्याने थर्मासचं झाकण भरून माझ्यापुढे धरलं. चहा कडू झाला होता. मी प्यायले.

"खांदा गेलाय माझा," तो अचानक म्हणाला. "उजवा. ऑपरेशन सांगितलंय. खाली कुणाला माहीत नाही. कळलं तर हिवाळ्यात मला वर पाठवणार नाहीत."

मला वाटत होतं तो मला कमी लेखतोय. त्याला फक्त माझ्यादेखत खणायचं नव्हतं.

"मग ओढते मी," शेवटी म्हटलं. "ऍक्सिलरेटर तुम्ही धरा. फुंकर घालावी तेवढाच."

मी दोन्ही स्कींना दोर बांधला आणि पुढे जाऊन टाचा रोवल्या. तो गाडीशेजारी उभा राहिला. इंजिन गुरगुरलं. पट्टा एक फूट सरकला, थांबला, आणि मग त्याने खालचा थर धरला. मला हाताला जाणवलं ते. "येतेय!" मी मराठीतच ओरडले. गाडी वर आली, दोर सैल झाला, मी बाजूला तोंडावर पडले, आणि तो उडी मारून स्वार होऊन माझ्याकडे न बघता थेट वरच्या कडक दांडावर जाऊन थांबला. बरोबर केलं त्याने. मध्ये थांबला असता तर पुन्हा रुतला असता.

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

यंत्रापाशी पोचून बॅटरी बदलायला पाऊण तास लागला. बोटं वळत नव्हती. पहिला आकडा आला तेव्हा त्याने तो मोठ्याने वाचायला सांगितलं. एकशे बेचाळीस सेंटीमीटर. तो म्हणाला, "तेवढ्यातून तर आत्ता आलो." वारा उठायच्या आत आम्ही खाली होतो. खालच्या लोकांनी त्याला उशीर का झाला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "बाईंनी येऊ दिलं नाही." खांद्याबद्दल मी कुणाला बोलले नाही. उन्हाळ्यात त्याने स्वतःच सांगितलं, ऑपरेशन करून घेतलं, आणि आता तो पुन्हा वर जातो.

केंब्रिजला आल्यावर साहेबांनी एक फॉर्म भरायला दिला. शेवटचा प्रश्न होता, पुन्हा असा प्रसंग आला तर काय वेगळं कराल? मी लिहिलं, 'काही नाही.' मग ते खोडलं, कारण ते खरं नव्हतं. त्याखाली लिहिलं, 'आधीच ओरडेन.'