पश्चिमेची भिंत

मामाजी कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी भिंतीला हात लावायचे. तळहात नाही, पालथा हात. लेकराचा ताप बघतात तसा. भिंत कोरडी लागली तर बसायचे. ओल लागली तर चहा अर्धा टाकून उठायचे, आणि घरच्या बाईला वाटायचं, साखर कमी पडली असेल.

मामाजी म्हणजे माझे सासरे. सौंसरला शाळेत मास्तर होते, आणि तिथेच भाड्याच्या घरात त्यांचं आयुष्य गेलं. त्या घरातल्या मागच्या खोलीची भिंत दर पावसाळ्यात हिरवी पडायची. त्याच भिंतीला लागून माझ्या सासूबाईंची खाट होती. एका श्रावणात त्या श्वास लागून गेल्या. डॉक्टरांनी दमा सांगितला. मामाजी मला म्हणाले होते, "दमा निमित्त होता, बाई. भिंतीनं नेलं तिले."

पांढुर्णा जिल्हा झाल्यावर सुधीरची, माझ्या नवऱ्याची, तिथे बदली झाली. तिगावच्या बाजूला आम्ही प्लॉट घेतला आणि मामाजींसह समोरच एक खोली भाड्याने घेऊन घर बांधायला काढलं. स्लॅब टाकून झाला तेव्हा उन्हाळा लागला होता आणि मला दिवस गेले होते. श्रावणात बाळंतपण येणार हे कळलं, त्या दिवसापासून मामाजींनी माझी तब्येत कमी आणि प्लास्टर जास्त विचारायला सुरुवात केली.

सुधीरचं म्हणणं साधं होतं. "आतून जिप्सम करू, बाबा. त्याले पाणी लागत नाही, भिंत आरशासारखी होते. बाहेरून सिमेंटचं दिवाळीनंतर. आता पाणी कुठून आणाचं?"

"जिप्सम ओलीशी भांडत नाही," मामाजी म्हणाले, "तिले जागा देते. अन् पश्चिमेचा पाऊस तिरपा येते. उघड्या विटेतून ओल सरळ आत. लेकरू त्याच खोलीत निजन ना?"

मिस्त्रीनेही बजावलं. "काकाजी, नवतपा येऊन राहिला, नऊ दिवस नुसती आग ओतन. सिमेंट लावलं अन् पाणी कमी पडलं, तर भिंत तडकन."

"पाणी मी मारीन."

रेतीसुद्धा ते काचेच्या ग्लासात घोळून बघायचे. खाली गाळ बसला की गाडी परत. शेवटी मनासारखी रेती मिळाली आणि सिमेंटचं काम लागलं. पश्चिमेची भिंत बाहेरून शेवटी घेतली. तोवर आमची बोर आटली होती. टँकरचं पाणी ड्रममध्ये भरून मामाजी बादलीने भिंतीवर मारायचे. दुपारनंतर त्या भिंतीवर ऊन असं यायचं, की पाणी पडताच ती चर्र वाजायची आणि बघता बघता पांढरी पडायची. मग ते पुन्हा बादली भरायचे. मी पन्हं घेऊन जायची. ते एक घोट घ्यायचे आणि भिंतीकडे बघत राहायचे.

एकदा त्यांच्या नाकातून रक्त आलं. धोतराच्या सोग्याने पुसलं आणि मला म्हणाले, "सुधीरले सांगू नोको." दुसऱ्या दिवशी मी दारात उभी होते, तर हाक आली, "कमल, आत जा, ऊन लागन." कमल माझ्या सासूबाईंचं नाव. त्या संध्याकाळी मी सुधीरला सगळं सांगितलं.

तो चिडला. "बाबा, भिंत खराब झाली तर पुन्हा लिंपता येते!"

"माणूस पुन्हा नाही येत," मामाजी म्हणाले. "मले माहीत आहे." आणि जेवायला बसले.

दोन-तीन दिवसांनी, सुधीर ऑफिसात असताना, मला पाणी वाहत असल्याचा आवाज आला. मामाजी थेंब सांडू देत नसत. मी धावले. ड्रमची तोटी उघडी होती आणि ते भिंतीला टेकून बसले होते. सदरा कोरडा ठणठणीत, अंग तव्यासारखं, घामाचं नाव नाही. कमलशी काहीतरी बोलत होते. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं, तिथून नागपूरला न्यायला सांगितलं. सुधीर ऑफिसातून परस्पर गेला. मला त्या अवस्थेत कोणी सोबत नेलं नाही. संध्याकाळी सुधीरचा फोन आला. "बाबाले परत आणून राहिलो," एवढंच तो बोलला. त्याच्या आवाजावरूनच मला कळलं.

तेरवीपर्यंत भिंतीकडे कुणी पाहिलं नाही. वरचा पट्टा शेवटच्या दिवसांत लागला होता. त्याला पाणी मिळालं नाही, आणि त्यावर केसासारख्या भेगा पडल्या. श्रावणात मुलगी झाली आणि आम्ही नव्या घरात राहायला गेलो. पहिल्याच झडीत त्या पट्ट्याखाली आतून एक डाग उमटला. तो रोज थोडा खाली सरकायचा. महिना व्हायच्या आत मुलीच्या छातीतून घरघर ऐकू येऊ लागली. मी पाळणा ओढून बैठकीच्या खोलीत आणला.

दिवाळीनंतर सुधीरने तो पट्टा फोडून घेतला. जिप्समचं नावही काढलं नाही. रेती त्याने स्वतः घोळून पाहिली. ऑफिसला जाण्याआधी आणि आल्यावर भिंतीला पाणी तोच मारायचा. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, पुरे आता, पक्की झाली." सुधीरने मान हलवली आणि बादली भरून घेतली.

यंदाचा पावसाळा गेला. भिंत कोरडी राहिली, मुलीची छातीही मोकळी आहे. पाळणा मात्र मी अजून त्या खोलीत नेलेला नाही.