नांदेड ते लातूर, हवाई अंतर

नाईक सलीमला घरी पोचवायची ड्यूटी मी मागून घेतली होती. तो देवणीचा, मी कंधारचा. अख्ख्या कंपनीत आपल्याकडचं बोलणारे आम्ही दोघंच. चारचौघांत तो मला ‘हवालदारसाब’ म्हणायचा, एकटे असलो की “काय कंधारकर, जेवलाव का?” म्हणून माझी खेचायचा. गस्तीवर असताना कडा कोसळला. सलीम सगळ्यात पुढं होता.

सिव्हिलियन लोकांना एक सांगतो. डोंगरातल्या पोस्टवर अंतर किलोमीटरमध्ये कुणी विचारत नाही. पायी दोन दिवस, हेलिकॉप्टरनं बारा मिनिटं, असंच बोलतात. सोळा वर्षं मी तेच बोललो. रस्त्यावरचा माझा भरवसाच उडाला होता.

दुपारी बारा पन्नासला विमान नांदेडला उतरलं. पुढं लातूर विमानतळापर्यंत हेलिकॉप्टर. सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, उड्डाण चाळीस मिनिटं. सलीमची अम्मी लातूरच्या दवाखान्यात होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. तिला फक्त पोराचं तोंड बघायचं होतं. शवपेटी दवाखान्यात थांबवायची परवानगी साहेबांनी दिली होती.

सलीमच्या अब्बांचा फोन आला. “किती वेळ हाय, बेटा?”

“चाळीस मिनिटं, अब्बा.”

“तिला सांगू?”

“सांगा.”

बोलून मोकळा झालो! अजून पेटी चढवलीसुद्धा नव्हती.

एक वीसला पायलट म्हणाले, “लातूरवर ढग खाली आलेत. होल्ड.”

बाहेर मिलिटरीचा ट्रक उभा होता. ड्रायव्हर जवळ आला. “साब, सडकेनं तीन घंटे. निघायचं का?”

“गप उभा रहा. ढग हटले की तुझ्या ट्रकच्या आधी पोचतो आपण.”

डोंगरात हे बरोबर ठरलं असतं.

दर दहा मिनिटांनी वायरलेसवाल्याला विचारत होतो. उत्तर एकच. “निगेटिव्ह.” अब्बांचा फोन दोनदा आला. दोन्ही वेळेस “अजून थोडं” म्हणालो. तीन वाजता उड्डाण रद्द झालं. ट्रक निघाला. लोहा, अहमदपूर, चाकूर.

सहाला पाच कमी असताना दवाखाना आला. अब्बा फाटकात बसले होते. उठले, पेटीवर हात ठेवला.

“अम्मी?” मी विचारलं.

“पाचला गेली. लई वाट बघितली तिनं. दरवाजावरून नजर काढली न्हाई.”

एक वीसला निघालो असतो तर साडेचारच्या आत पोचलो असतो. चूक पायलटची नाही, ढगांची नाही. माझी. अब्बांना तसं सांगितलं, रडत सांगितलं. त्यांनी माझं डोकं छातीशी धरलं. “नको रडू, बेटा,” एवढंच म्हणाले. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवणीच्या कब्रस्तानात बिगुल वाजला. आम्ही सलामी दिली. शेजारी शेजारी दोन कबरी खोदल्या होत्या. आधी कुणाला उतरवायचं, मौलवींनी विचारलं.

अब्बा म्हणाले, “तिला. पोरगं घरी यायलंय. माय आधी पायजे तिथं.”

मग आम्ही नाईक सलीमला तिच्या शेजारी ठेवलं.