कहवा पुरे म्हणायची रीत

शुद्धलेखन चुकेल आणि अक्षरही वाकडं येईल, त्याची माफी असावी. चौथीनंतर पेन हातात धरलं ते फक्त सहीपुरतं. हे कोणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागितल्याशिवाय पुढे लिहवत नाही.

मी ओमानमध्ये अल् खुवैरला एका मोठ्या कॉम्प्युटर कंपनीत पॅन्ट्री सांभाळते. मुलाखतीच्या खोलीत मुलं येऊन बसतात, इस्त्रीचे शर्ट, मांडीवर लॅपटॉप, ओठ कोरडे. विचारायच्या आधीच मी पाणी नेऊन देते. माझी मुलाखतही त्याच खोलीत झाली होती.

त्याआधी मी इथून जवळच्या अमेरात गावात एका मराठी घरी कामाला होते. ते कुटुंब अचानक पुण्याला परतलं आणि माझा व्हिसा संपत आला. मला ओमानला आणायचा सगळा खर्च आमच्या शेजारगावच्या चाचांनी केला होता. ते या कंपनीत ड्रायव्हर. मुलीच्या निकाहसाठी साठवलेले पैसे त्यांनी माझ्यासाठी काढले होते. मी रिकाम्या हाताने गावी गेले असते तर त्या पोरीचा निकाह अडला असता. चाचा कधी बोलले नाहीत, पण मला झोप नव्हती. पॅन्ट्रीची जागा निघाली, तेव्हा तेच मला गाडीत घालून घेऊन आले.

मुलाखत घेणाऱ्या मॅडम ओमानी, पण हिंदी माझ्यापेक्षा सफाईदार. त्यांनी खजूर पुढे केला आणि लांब चोचीच्या भांड्यातून इवल्याशा कपात कहवा, म्हणजे इथली बिनदुधाची कॉफी, ओतला. मी संपवला. त्यांनी पुन्हा ओतला. मराठी घरात दुधाचा चहा, कहव्याची रीत मला काय ठाऊक! दिलेलं टाकायचं नाही, एवढंच आईने शिकवलेलं. कपावर हात आडवा धरावा, तर एवढ्या मोठ्या बाईंपुढे धीर होईना. त्या विचारत होत्या, मी हो-नाही करत होते, आणि कप भरतच होता. दर वेळी मी तो तळापर्यंत संपवत होते.

शेवटी त्यांनी विचारलं, "पाहुण्याचा कप रिकामा झाला तर काय करशील?"

"भरेन, मॅडम."

"आणि त्याला नको असेल तर?"

"तो नको म्हणेल."

"मग तू का नाही म्हणालीस?"

त्यांनी स्वतःचा कप दोन बोटांत धरून हलकेच हलवला. "असं केलं की पुरे. नाहीतर मी संध्याकाळपर्यंत ओतत बसले असते!"

त्या हसल्या. मलाही हसू फुटलं आणि तोंडातून निघून गेलं, "आता नाही विसरणार मॅडम, पोटात बसलंय."

"एक थेंब टाकला नाहीस," त्या म्हणाल्या. "रविवारपासून ये." इथे कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो.

खाली चाचा गाडीपाशी उभे होते. सगळं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "अगो बाय, कप हलवायचा असतो, हे सांगायलाच विसरलो मी! आणि तरी काम दिलं? अल्लाची मेहरबानी, आणि तुझ्या पोटाची!"

पगारातून मी दर महिन्याला त्यांचे पैसे देत गेले. एखाद्या महिन्यात गावी जास्त पाठवावं लागलं, तर चाचाच म्हणायचे, "राहू दे, कुठे पळतेस तू!" मॅडम आजही पॅन्ट्रीत आल्या की कप हलवून दाखवतात आणि मी लाजते. अशी माणसं भेटली, हे माझं नशीब.

गेल्या महिन्यात निकाहची तारीख ठरली. पगार झाला त्याच दुपारी मी चाचांना पॅन्ट्रीत बोलावलं. एरवी ते कागदी कपात चहा घेऊन उभ्याउभ्याच जातात. त्या दिवशी मी त्यांना खुर्चीवर बसवलं, खजूर दिला, कहवा ओतला आणि राहिलेले रियाल पुढे ठेवले. त्यांनी न मोजताच खिशात घातले. मी पुन्हा कप भरला. तो पिऊन त्यांनी कप हलवला.

"खलास, बाय. फिटले सगळे."